एका क्रमांकाची दोन पुस्तके

सकाळी वाचनालयाचे कुलूप काढले की माझे पहिले काम टेबल पुसण्याचे असे. आदल्या दिवशी कोणी जुने पुस्तक चाळून गेले असेल, तर टेबलावर तांबूस चुरा पडलेला असायचा. तो पानांच्या कडांचा चुरा होता. हात लावला की कडा तुटत, पान उलटले की कोपरा हातात येई. पुढे पुढे मी तो चुरा फडक्याने झटकण्याऐवजी पोस्टकार्डाने गोळा करून एका पाकिटात ठेवू लागले. का, ते मला सांगता आले नसते. कोणी विचारलेही नाही.

ग्रंथपालाची ही नोकरी मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मिळाली. त्याआधी दोन पदव्या आणि ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून मी घर सांभाळले आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण काढले. आमचे गाव दुसरबीडपासून एसटीने अर्ध्या तासावर आहे. तेथे शिकलेल्या बाईने नोकरी केली नाही तरी कोणाचे अडत नव्हते आणि उशिरा केली तरी कोणाला नवल वाटले नाही. चारचौघांत बोलण्याची मला पहिल्यापासून धास्ती. बोलायचे वाक्य मी आधी मनात पूर्ण रचते, त्यातला एखादा शब्द बदलते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. पुस्तकांच्या सहवासात या दोषाने कोणाचे नुकसान होणार नाही, अशी माझी समजूत होती.

मंगळवारी आणि शनिवारी दहाच्या गाडीने एक वृद्ध गृहस्थ येत. त्यांचे खेडे जवळच होते. “जय भीम, बाई,” म्हणून ते खिडकीखालच्या खुर्चीवर बसत आणि नेहमी एकच पुस्तिका मागत. चाळीस पानांची, जिल्ह्यातल्याच एका छोट्या छापखान्यात छापलेली. तो छापखाना बंद होऊनही जमाना लोटला होता. त्यांच्या वडिलांचा आंबेडकरी जलसा होता. गावोगाव फिरून ते जी गाणी म्हणत, ती या पुस्तिकेत होती. दुसरी प्रत कोठे असल्याचे कोणाला माहीत नव्हते.

गाणी छापील होती, पण प्रत्येक पानाच्या समासात शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या. कोठे गोल, कोठे फुली, कोठे सापासारखी नागमोडी रेघ. ढोलकी केव्हा उचलायची, दम केव्हा राखायचा, कोणती ओळ तीनदा म्हणायची, हे वडिलांनी स्वतःच्या लिपीत लिहून ठेवले होते. ती लिपी जाणणारे आता हे एकटेच उरले होते. त्यांनी एकदा मला ती पाने दाखवली.

“गानं छापता येते, बाई. चाल कुठं छापता येते? चाल ह्या खुनांत हाये.”

“बाबा, तुम्ही ही घरी न्या ना. मी नोंद करून देते.”

“नाही नेत.” त्यांनी पुस्तिका मिटली. “बापानं इथं देल्ली, इथंच राहीन.”

त्याचे कारण मला दाखल नोंदवहीत सापडले, आणि उरलेले त्यांनीच सांगितले. त्यांच्या वडिलांना एके काळी या वाचनालयात आत यायला मनाई होती. पुस्तक पायरीवर आणून ठेवले जाई आणि ते पायरीवर बसून वाचत. पुढे तो रिवाज मोडला. आत आल्यावर त्यांनी जी पहिली गोष्ट केली ती हीच: स्वतःची पुस्तिका वाचनालयाला भेट दिली आणि तिची नोंद होईपर्यंत टेबलापाशी उभे राहिले. नोंदवहीतली ती ओळ निळ्या शाईची आहे आणि ‘भेट’ या शब्दापुढे शाईचा ठिपका पडलेला आहे.

थंडी संपता संपता बाबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन जालन्याला ठरले. जायच्या आधी ते आले.

“वस्तीतल्या बाया शिकतो म्हनतात हे गाने. अर्धं माह्या डोस्क्यात हाये, अर्धं ह्या कागदात. जालन्याहून आलो का बसतोच त्यायले घेऊन. तवरक जपून ठेवजा, बाई.”

“ठेवते,” मी म्हणाले. एकाच शब्दाचे उत्तर असल्यामुळे ते वेळेवर देता आले.

त्याच महिन्यात आमच्याकडे छायाप्रतीचे यंत्र आले.

वाचनालयाच्या अध्यक्षांचे कृषी केंद्र आहे. दर महिन्याला न चुकता ते शेगावला दर्शनाला जातात, आणि त्यांच्या चांगुलपणाविषयी मला आजही शंका नाही. जुन्या पुस्तकांचा भुगा होतो आहे हे पाहून त्यांचा जीव खरोखरच तुटला होता. एका बंद पडलेल्या दुकानातले यंत्र त्यांनी खटपट करून मिळवले. ठरले असे, की भुरभुरणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची छायाप्रत काढायची, ती बांधून घ्यायची आणि मूळ पुस्तकाच्या जागी ठेवायची.

जीर्ण पुस्तक काचेवर उपडे दाबता येत नाही, त्याची पाठ मोडते. म्हणून आधीच त्याची शिवण कापून पाने सुटी करावी लागत. हे काम आमचे शिपाई करत. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे, आणि तोंडाने फटकळ.

“बाई, हे तं पोस्टमॉर्टमच झालं,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले. “आधी पाठ फाडाची, मंग आतलं पाहाचं.”

“एकदा कापले की ते पुन्हा बांधता येणार नाही ना?”

“बांधता येते नं. पन जिते होत नाही.”

छायाप्रतीला मूळ पुस्तकाचाच दाखल क्रमांक द्यायचा आणि मूळ पुस्तकावर ‘बाद’चा शिक्का मारायचा, असा नियम होता. एका क्रमांकाची दोन पुस्तके वाचनालयात असता कामा नयेत. सरकारी तपासणीत मोजदाद जुळत नाही. पहिल्या दिवशी मी हा नियम वहीत लिहून घेतला. पंधरा दिवसांनी मागच्या खोलीत शिक्के मारलेल्या सुट्या पानांचे गठ्ठे छातीइतके उंच झाले, तेव्हा मला त्या खोलीत एकटीने जाणे नकोसे वाटू लागले. तेथे आंबूस, गरम वास असे. गठ्ठ्यांना दोरी बांधली तरी कडांचा चुरा खाली गळतच राही. बाहेर कपाटात त्याच क्रमांकांची, त्याच नावांची, एकसारख्या काळ्या पाठींची पुस्तके उभी राहत होती. त्यांना कसलाही वास नव्हता.

यंत्राला गडद आणि फिके करण्याची एक चकती होती. गडद ठेवले तर जुन्या कागदाचा तांबूस रंगही छापला जाई आणि पान मळकट दिसे. फिके केले तर कागद शुभ्र आणि अक्षर काळेभोर येई. ती चकती नेमकी कोठे थांबवायची, हे मला चांगले साधले होते. आयुष्यात प्रथमच एखाद्या यंत्रावर माझा हात बसला होता, आणि कोणी ‘बाईंच्या झेरॉक्स लई साफ’ असे म्हटले की मला बरे वाटे.

बाबांच्या पुस्तिकेची पाळी आली तेव्हा मी चकती गडद बाजूला नेली. पहिले पान आले. मळकट होते, पण समासातली नागमोडी रेघ धुरकट का होईना, आली होती. मी तशीच दहा पाने काढली. तेवढ्यात अध्यक्ष आले आणि त्यांनी एक पान उचलून खिडकीपाशी धरले.

“वहिनी, हे काऊन असं कळकट निंगून राह्यलं?”

मी वाक्य जुळवू लागले. ‘या पुस्तिकेच्या समासातील खुणा महत्त्वाच्या असल्यामुळे छटा गडद ठेवणे आवश्यक आहे.’ ‘आवश्यक’ हा शब्द मला उद्धट वाटला.

“तपासनीवाले म्हनतीन, इतकं करून बी मळकंच ठेवलं,” ते हसत म्हणाले. “पांढरं करा जरा. तुमाले तं जमते.”

त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बाहेर गेले. मी चकती फिक्या बाजूला फिरवली आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. चाळीस पाने स्वच्छ आली. समास कोरे होते. मळकट दहा पाने शिपायांनी पाठकोऱ्या कागदांत टाकली आणि त्यांच्या मागे दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीच्या पेंडखजूर-वाटपाची यादी लिहिली गेली.

मूळ पाने मात्र मी इतर पुस्तकांच्या गठ्ठ्यात जाऊ दिली नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून ती मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. बाबा येतील, त्यांना दोन्ही देऊ, असा विचार होता. मात्र गुंडाळण्याआधी मी मुखपृष्ठावर ‘बाद’चा शिक्का मारला. नोंदवहीतला ‘बाद’चा रकाना रिकामा राहिला असता तर माझ्या लिखाणात एक खोट राहिली असती. इतक्या नीट लिहिलेल्या पानावर ती मला खपली नाही.

मागच्या खोलीतल्या गठ्ठ्यांचे काय करायचे, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला. एकाने रद्दीवाल्याचे नाव काढले, तसे अध्यक्षांनी कानांना हात लावले.

“ज्या कागदावर अक्षर हाये तो रद्दीत द्याचा? लोक भज्याच्या पुड्या बांधतीन त्यात. नाही जमत मले. विसर्जन करू.”

आमच्या भागात फाटकी पोथी, देवाच्या जुन्या तसबिरी कोणी केरात टाकत नाही. त्या पाण्यात सोडतात. त्यामुळे कोणालाच यात वावगे वाटले नाही. मलाही वाटले नाही. उलट रद्दीपेक्षा हे बरे, असेच मी घरी सांगितले.

रविवारी सकाळी पिकअप गाडी आली. शिपायांनी आदल्या दिवशीच गठ्ठे पोत्यांत भरून सुतळीने तोंडे शिवली होती. पाच पोती होती. अध्यक्ष आणि दोन सभासद पुढच्या मोटारीत बसले. मी चालकाशेजारी बसले आणि शिपाई माझ्या पलीकडे. गाव मागे पडल्यावर ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, “तुमच्या खनातलं बी घेतलं बरं, बाई. कागदात गुंडायलेलं होतं. शिक्का पाह्यला म्हून टाकलं पोत्यात. राह्यलं असतं तं मोजदादीत सापडलं असतं.”

“कोणत्या पोत्यात?” मी विचारले.

“आता ते काय सांगू? पाची सारखेच.”

त्यांनी माझे काम हलके केले होते आणि शाबासकीची वाट पाहत होते. मी मान हलवली. मागच्या काचेतून पाचही पोती दिसत होती. खड्ड्यात गाडी आदळली की ती एकमेकांवर रेलत. खडकपूर्णा धरणाच्या पाण्यापर्यंत अजून वीस मिनिटे होती. गाडी थांबवा, एवढे म्हणायला वीस मिनिटे लागत नाहीत.

पाणी आटून बरेच आत गेले होते. भेगाळलेल्या गाळावरून पोती उचलून नेली. काठावर एक जण गळ टाकून बसला होता.

“काय हाये बे त्यात?” त्याने शिपायांना विचारले.

“पुस्तकं.”

“पोथ्या?”

“पोथ्याच समज.”

त्याने गळ गुंडाळला आणि तो दूर जाऊन बसला.

अध्यक्षांनी पोत्यांवर हळदीकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि डोळे मिटून पुटपुटले. त्यांच्या पापण्या ओल्या झालेल्या मी पाहिल्या. मग ते माझ्याकडे वळले. “वहिनी, तुमी बी हात लावा. तुमीच सांभाळले इतके दिस.”

मी पाचही पोत्यांना हात लावला. गोणपाटाखाली सगळीकडे सारखेच कडक आणि सारखेच गरम लागले. ‘यांपैकी एका पोत्यात एक पुस्तिका चुकून आली आहे, ती काढून घेण्याची परवानगी असावी.’ वाक्य तयार होते. मग वाटले, पाच पोती उसवावी लागतील, गठ्ठे गाळात पसरतील, सगळे उन्हात ताटकळतील, आणि शिपायांना बोलणी बसतील. मी वाक्य बदलू लागले.

पोती पाण्यात सोडल्यावर चार बुडाली. पाचवे तरंगत राहिले. आत हवा कोंडली असावी. ते हळूहळू गोल फिरत होते आणि त्याच्या शिवणीतून चहासारखा रंग पाण्यात उतरत होता. सगळे जण ते बुडण्याची वाट पाहत उभे राहिले. कोणीच बोलत नव्हते, त्यामुळे बोलायला याहून मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. शेवटी शिपायांनी बांबूने ते खाली दाबले. बुडबुडे बराच वेळ येत राहिले.

त्यानंतरच्या प्रत्येक मंगळवारी आणि शनिवारी दहाची गाडी येऊन गेल्याचा आवाज ऐकेपर्यंत माझे लक्ष कामात लागत नसे. बाबा आले नाहीत की सुटल्यासारखे वाटे, आणि त्या सुटकेचीच भीती वाटे. तपासणी होऊन गेली, मोजदाद जुळली, नोंदवहीचे कौतुकही झाले.

पाडव्यानंतरच्या शनिवारी ते आले. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि चाल पूर्वीपेक्षा धीट होती.

“जय भीम, बाई. तुमचं तोंड आज पह्यल्यांदा नीट दिसलं. मले वाटे तुमी लई म्हाताऱ्या हाये.”

मी हसले असेन. त्यांनी पुस्तिका मागितली, आणि मी काळ्या पाठीची छायाप्रत त्यांच्यासमोर ठेवली. चष्मा काढून त्यांनी पहिले पान उघडले.

“अरे वा! डाक्टर म्हनेच, समदं पांढरं दिसीन आता. किती पांढरं दिसून राह्यलं!”

त्यांनी पान उलटले. मग दुसरे. बोट समासावर ठेवून ते खालपर्यंत आणले. पुस्तक उचलून खिडकीकडे धरले, तिरपे केले, डोळ्यांजवळ नेले. खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि पुन्हा पाहिले.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “आपरेशन बिघडलं वाट्टे. अक्षर दिसते, पन खुना नाही दिसून राह्यल्या. बारीक दिसतच नाही काई.”

त्या क्षणी मला समजले, की मी गप्प राहिले तर हे चालून जाणार आहे. ते डॉक्टरला दोष देतील, वयाला देतील, पुन्हा जालन्याला जातील, आणि माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. शिपाई पाठ फिरवून कपाट लावत होते. त्यांचे हात थांबलेले मला दिसले.

“बाबा, तुमचे डोळे चांगले आहेत,” मी म्हणाले. हे वाक्य मी रचलेले नव्हते. “खुणाच नाहीत त्यात.”

मग मी सगळे सांगितले. चकती, शिक्का, खण, पोती. वाक्ये तुटत होती, मागची पुढे येत होती. त्यांनी मध्ये एकदाच विचारले, “कोन्या जागी?”

“पुलाच्या अलीकडे. जिथे पंप बसवलेत, तिथे.”

“कोनी काई म्हनलं, टाकतानी?”

“अध्यक्षांनी नारळ फोडला.”

“नारळ,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “माह्या बापाले नारळ.”

त्यांनी पेन्सिल मागितली. मी टोक काढून दिली. पहिले गाणे गुणगुणत त्यांनी कोऱ्या समासात एक गोल काढला, खाली फुली, मग नागमोडी रेघ. दुसऱ्या गाण्यालाही खुणा झाल्या. तिसऱ्याला वेळ लागला. चौथ्याची पहिली ओळ त्यांनी चार वेगवेगळ्या चालींत म्हटली आणि दर वेळी त्याच जागी थांबले. पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली.

“हे वालं येत नाही,” ते म्हणाले. “पुढचे तं नाहीच. ते त्या कागदालेच माहीत होते.”

पुस्तिकेत बावीस गाणी आहेत.

ते आजही येतात. वस्तीतल्या बायका त्यांच्याकडून तीन गाणी शिकल्या; चौथे त्या स्वतःच्याच चालीवर म्हणतात, असे ते सांगतात, आणि ती चाल चूक आहे असेही सांगतात. छायाप्रती काढायची अजून दोन कपाटे शिल्लक आहेत. आता शिवण कापण्याआधी मी प्रत्येक पुस्तकाचे प्रत्येक पान उजेडात धरून पाहते. शिपाई म्हणतात, “बाई, ह्या हिशोबानं आपन दोघं बाद होऊ, पुस्तकं राहतीन.” मी यंत्राची चकती गडद ठेवते, अध्यक्षांनी विचारले तर कारणही सांगते. परंतु पाण्यात गेलेल्या त्या पाच पोत्यांमध्ये आणखी कोणत्या समासात काय लिहिलेले होते, हे मी पाहिले नव्हते. कपाटातल्या काळ्या पाठींच्या पुस्तकांतून ते कळत नाही. ती सगळी सारखीच पांढरी आहेत.

बाबा आता खिडकीखालच्या खुर्चीवर बसत नाहीत. ते छायाप्रत माझ्याकडून घेतात, सहीच्या जागी सही करतात आणि बाहेर जाऊन पायरीवर बसतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

“बाबा, आत बसा ना. पंखा लावते.”

“इथं बरं हाये, बाई,” मान वर न करता ते म्हणाले. “उजेड हाये इथं.”

खिडकीखाली त्याहून अधिक उजेड असतो. ते त्यांनाही माहीत आहे.